ढवळाढवळ कुणाची, डाव कुणाचा?

संध्याकाळी साडेपाचचा सुमार. अंजनगाव सुर्जीतल्या एका शाळेचं मैदान. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, जवळ पानमळ्याचा गर्द पट्टा. मैदानात पंधरा-सोळा पोट्टे, चार दप्तरांचे दोन गोल आणि एका जागी शिवण उसवलेला एक फुटबॉल. बॉल डावीकडच्या दप्तराला घासून पलीकडे गेला आणि एका बाजूनं आरोळी उठली, "गोल!" दुसऱ्या बाजूनं तेवढ्याच जोरात उत्तर आलं, "काहाचा गोल बे! दप्तरावरून गेला!" पाच मिनिटं नुसता गलका. शेवटी एकानं बॉल उचलून काखेत मारला. "बॉल माया हाये. गोल नाई म्हणजे नाई. नाई तं मी चाललो घरी."

खेळ थांबला. पंधरा पोरं हताश उभी आणि एक पोरगा काखेत सगळ्यांचा डाव धरून उभा.

पायरीवर बसून हे पाहताना माझ्या अंगावर शहारा आला, कारण हाच प्रसंग मी आधी एकदा पाहिला होता. तेव्हा काखेत बॉल धरणारा झुरिकला बसला होता आणि हताश उभा राहिलेला होता अख्खा भारत.

अकरा दिवसांचा सन्नाटा

१५ ऑगस्ट २०२२. देश स्वातंत्र्याची पंचाहत्तर वर्षं साजरी करत होता. त्याच रात्री जागतिक फुटबॉलची झुरिकस्थित शिखर संस्था फिफा हिनं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. कारण दिलं होतं 'त्रयस्थांचा अवाजवी हस्तक्षेप'. हे त्रयस्थ म्हणजे सर्वोच्च न्यायालयानं मे महिन्यात नेमलेली प्रशासकांची समिती. माजी न्यायमूर्ती अनिल दवे, माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी आणि भारताचे माजी गोलरक्षक भास्कर गांगुली हे तिचे तीन सदस्य.

या एका निर्णयानं काय काय थांबलं पाहा. ऑक्टोबरात भारतात होणारा १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक टांगणीला लागला. त्याचा अंतिम सामना आपल्याच नवी मुंबईत व्हायचा होता. गोकुळम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचला होता. त्या मुली तिथं बूट घालून मैदानावर उतरूच शकल्या नाहीत. त्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता, कारभाराच्या भांडणाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, तरी पहिला फटका बसला तो त्यांनाच.

२२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं प्रशासकांची समिती बरखास्त केली, २६ ऑगस्टला फिफानं निलंबन उठवलं आणि २ सप्टेंबरला निवडणूक होऊन कल्याण चौबे ३३ विरुद्ध १ मतांनी महासंघाचे अध्यक्ष झाले. १९३७ मध्ये स्थापन झालेल्या या महासंघाला स्वतः खेळलेला अध्यक्ष मिळायला पंचाऐंशी वर्षं लागली! त्यांच्यासमोर हरले ते बायचुंग भुतिया, भारताचे माजी कर्णधार. ऑक्टोबरातला विश्वचषक ठरल्याप्रमाणे झाला आणि स्पेनच्या मुलींनी कोलंबियाला १-० नं हरवून नवी मुंबईत चषक उचलला.

एका सार्वभौम देशाचं सर्वोच्च न्यायालय एकीकडे आणि स्वित्झर्लंडमधली एक खासगी संघटना दुसरीकडे, आणि अकरा दिवसांत माघार घ्यावी लागली ती न्यायालयानं नेमलेल्या समितीला. ही ताकद फिफाकडे आली कुठून?

आठ मतांचं जग

फिफा म्हणजे सरकार नाही, संयुक्त राष्ट्रसंघाची शाखाही नाही. १९०४ मध्ये पॅरिसला सात देशांच्या संघटनांनी मिळून काढलेली ती एक संघटना आहे. आज तिचे २११ सदस्य आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य देश १९३, म्हणजे फिफाचं कुटुंब त्याहूनही मोठं. तिच्याकडे फौज नाही, पोलीस नाहीत. तिच्याकडे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे डाव. जो तिचे नियम पाळेल तो जगाबरोबर खेळेल. जो पाळणार नाही त्यानं आपल्या अंगणात एकट्यानं खेळावं.

त्याहून थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. मैदानातले नियम फिफाही एकटी ठरवत नाही. त्यासाठी १८८६ पासून एक वेगळं नियम मंडळ आहे. त्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड या चार संघटनांना प्रत्येकी एक मत आहे आणि उरलेल्या साऱ्या जगाच्या वतीनं फिफाला चार. एकूण मतं आठ. नियम बदलायला किमान सहा लागतात. म्हणजे फिफानं एकटीनं काही रेटायचं म्हटलं तरी जमत नाही आणि चौघांनी फिफाला वगळून काही करायचं म्हटलं तरी नाही.

या आठ मतांनी सांभाळलेले नियम आहेत फक्त १७. त्यातला दहावा नियम त्या संध्याकाळी अंजनगावच्या मैदानावर भांडणात होता. संपूर्ण चेंडू, दोन खांबांच्या मधून आणि आडव्या दांडीच्या खालून, संपूर्ण रेषा ओलांडून गेला तरच गोल. दप्तरावरून गेला तर नाही. काखेत बॉल मारणाऱ्या पोराचं म्हणणं नियमानं बरोबर होतं. चुकली ती त्याची रीत. बॉल आपला आहे म्हणून निकालही आपला, ही रीत.

दोन जिने

आता अंजनगावच्या त्या मुलापर्यंत फुटबॉल येतो कसा ते पाहू. त्याच्यापर्यंत दोन जिने उतरतात.

पहिला जिना झुरिकहून निघतो. फिफा, तिच्याखाली आशियाई महासंघ, मग भारताचा महासंघ, मग राज्य संघटना म्हणजे आपल्याकडे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, मग जिल्हा संघटना आणि शेवटी क्लब. हा जिना खेळाडूची नोंदणी करतो, पंच तयार करतो, लीग भरवतो.

दुसरा जिना सरकारचा. घटनेच्या सातव्या अनुसूचीत खेळ हा राज्यसूचीतला विषय आहे, तेहतिसाव्या क्रमांकाचा. म्हणून हा जिना मुंबईच्या मंत्रालयातून पुण्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयात, तिथून अमरावती विभागाच्या उपसंचालकांकडे, मग जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे, मग तालुक्याला आणि शेवटी शाळेच्या क्रीडा शिक्षकाकडे उतरतो. शालेय स्पर्धा हा जिना भरवतो. तालुका क्रीडा संकुल हाच बांधतो. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, त्यासाठीची प्रमाणपत्रांची पडताळणी, सगळं याच जिन्यावर. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या वऱ्हाडातल्या पोरापोरींना त्या कागदाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

मधे एक तिसरी वाटही आहे, समाजाची. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी काढलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या मल्लांनी कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं युरोपला दाखवली. तेव्हा पाठीशी आपलं सरकारही नव्हतं. या मंडळाच्या महाविद्यालयात शिकलेले क्रीडा शिक्षक आज गावोगावच्या शाळांत शिट्टी वाजवतात.

मोठ्या शहरात हे जिने वेगवेगळ्या इमारतींत असतात, एकमेकांना न भेटताही चालतात. तालुक्याच्या गावी ते एकाच मैदानावर येऊन टेकतात. झुरिकचा नियम, मंत्रालयाचं मैदान आणि अमरावतीला शिकलेल्या गुरुजींची शिट्टी, तिन्ही त्या उसवलेल्या बॉलभोवती. म्हणून 'सरकारनं फुटबॉलमध्ये पडू नये' हे वाक्य झुरिकला जितकं सोपं वाटतं तितकं अंजनगावला वाटत नाही. इथं सरकार बाजूला झालं तर मैदानच बाजूला होतं.

अंजनगावची जुनी सही

'ढवळाढवळ करणार नाही' हे कलम या गावाला नवं नाही. आपल्या गावाचं नाव शाळेच्या इतिहासात येतं ते सुर्जी-अंजनगावच्या तहामुळे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तो झाला. महिन्याभरापूर्वी अडगावची लढाई झाली होती, पंधरवड्यापूर्वी गाविलगड पडला होता. कंपनीकडून सही करणारा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून नेपोलियनला हरवणारा ठरला. या तहात गंगा-यमुनेचा दुआब गेला, दिल्ली-आग्रा गेलं, भडोच गेलं, अहमदनगरचा किल्ला गेला. हे आपण घोकलेलं असतं. पण त्यात आणखी एक कलम होतं. शिंद्यांनी दिल्लीचा बादशहा शाह आलम याच्यावरचे सारे हक्क सोडावेत आणि त्याच्या कारभारात यापुढे हात घालू नये.

वाचायला किती न्याय्य वाटतं! बादशहाच्या कारभारात कुणी पडू नये. पण ते लिहून घेणारी कंपनी त्याच बादशहाच्या दिल्लीत तीन महिन्यांपूर्वीच शिरली होती. शिंद्यांचा हात निघाला आणि कंपनीचा पक्का झाला. आणि ज्या वऱ्हाडाच्या मातीवर हे घडलं त्या वऱ्हाडाला कुणी काही विचारलं नाही. तेरा दिवस आधीच्या देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांकडून वऱ्हाड काढून घेतलं आणि निजामाला देऊन टाकलं.

दोनशे वर्षांनंतर या कलमातून मी एक कसोटी घेतो. 'इथं ढवळाढवळ नको' असं कुणी म्हणालं की दोन प्रश्न विचारायचे. हे म्हणतंय कोण? आणि त्यामुळे ज्यांची जमीन, ज्यांचा डाव आहे त्यांना काय मिळणार आहे? फुटबॉलच्या कारभाराला ही कसोटी लावली की चित्र फार स्पष्ट दिसू लागतं.

हात बाहेर ठेवायलाच हवा तेव्हा

फिफाच्या नियमावलीत प्रत्येक सदस्य संघटनेनं आपला कारभार स्वतंत्रपणे चालवावा असं कलम आहे. ते उगाच आलेलं नाही.

२०१० च्या विश्वचषकात नायजेरिया पहिल्याच फेरीत बाद झाला. देशाचे अध्यक्ष गुडलक जोनाथन इतके संतापले की त्यांनी राष्ट्रीय संघाला दोन वर्षं आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून मागे घेण्याचं जाहीर केलं. विचार करा, हरल्याबद्दल सरकारनं संघाला दिलेली शिक्षा! फिफानं निलंबनाचा इशारा दिला आणि काही दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. तिथं बाहेरच्या हातानं खेळाडूंचा डाव वाचवला.

कुवेत २०१५ पासून २०१७ पर्यंत दोन वर्षं बाहेर होता. इंडोनेशिया २०१५ पासून वर्षभर. पाकिस्तान, केनिया, झिम्बाब्वे, श्रीलंका, सगळ्यांनी गेल्या काही वर्षांत ही शिक्षा भोगली आहे. सत्तेवरच्या माणसाला आपल्या मर्जीतला अध्यक्ष बसवता आला, नको तो संघनायक काढता आला, तर खेळ हा निवडणुकीच्या सभेचा मांडव होतो.

आणि एक उदाहरण तर सुवर्णाक्षरांनी लिहावं असं. दक्षिण आफ्रिकेत सरकारचा कायदाच गोऱ्या-काळ्यांना एकत्र खेळू देत नव्हता. फिफानं १९७६ मध्ये त्या देशाच्या संघटनेला काढून टाकलं. वर्णभेद कोसळल्यावर १९९२ मध्येच तिला परत घेतलं.

हात घालायलाच हवा तेव्हा

आता नाणं उलटं करू. संघटनेला पूर्ण मोकळं सोडलं तर ती शहाणी वागतेच का?

२६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर प्रेस्टनच्या डिक, कर कारखान्यातल्या कामगार मुलींचा संघ खेळला. बघायला ५३,००० लोक आले होते. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, सदस्य क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. सरकारनं बंदी घातली नव्हती, न्यायालयानं घातली नव्हती. ही स्वायत्त संघटनेची स्वायत्त बंदी होती आणि ती सुमारे पन्नास वर्षं टिकली. मुलींच्या दोन पिढ्या तिच्यात गेल्या.

आपल्याकडचं पाहू. महासंघाचे अध्यक्ष होते विदर्भातलेच, गोंदियाचे प्रफुल्ल पटेल. २०१९ मध्ये ते फिफाच्या परिषदेवर निवडून गेलेले पहिले भारतीय. भारत सरकारच्या २०११ च्या क्रीडा संहितेनुसार अध्यक्षपदाची कमाल मुदत बारा वर्षं होती. ती डिसेंबर २०२० मध्ये भरली. महासंघाच्या घटनेचा वाद न्यायालयात पडून होता आणि त्या सबबीवर निवडणूक झालीच नाही. दीड वर्ष गेलं. मग मे २०२२ मध्ये न्यायालयानं कारभार काढून प्रशासकांकडे दिला आणि ऑगस्टमध्ये फिफाची कुऱ्हाड आली.

त्या वेळी न्यायालयानं ठरवलेल्या मतदारयादीत ३६ राज्य संघटनांच्या बरोबरीनं ३६ नामवंत खेळाडूंना मत होतं. फिफाला खेळाडूंचं इतकं मोठं प्रमाण मान्य नव्हतं. ते मत निघालं तेव्हाच वाट मोकळी झाली. इथं अंजनगावची कसोटी लावा. 'ढवळाढवळ नको' म्हणणारी होती फिफा, आणि मत गेलं ते खेळाडूंचं. कलम बरोबर असूनही किंमत चुकीच्या माणसानं मोजली.

खुर्च्या कुणासाठी?

ही कहाणी इथंच संपली असती तर लिहिण्यासारखं काही नव्हतं. पण ती पुढे सरकली आहे आणि पुढचं पान मला खरोखर आशेचं वाटतं.

सप्टेंबर २०२५ च्या १९ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं माजी न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांनी तयार केलेल्या महासंघाच्या नव्या घटनेला काही बदलांसह मान्यता दिली. फिफानं ३० ऑक्टोबरची मुदत दिली होती, १२ ऑक्टोबरला महासंघानं ती स्वीकारली. या घटनेत कार्यकारिणी चौदा जणांची आहे. दोन उपाध्यक्षांपैकी एक स्त्री. दहा सदस्यांपैकी पाच नामवंत खेळाडू आणि त्यांत किमान दोन महिला. २०२२ मध्ये मतदारयादीतून बाहेर गेलेल्या खेळाडूला तीन वर्षांनी घटनेतच हक्काची खुर्ची मिळाली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. प्रत्येक राष्ट्रीय क्रीडा महासंघाच्या कार्यकारिणीत किमान चार महिला, खेळाडूंची समिती, महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेचं धोरण, तक्रारीची व्यवस्था आणि वाद सोडवायला वेगळं क्रीडा न्यायाधिकरण. आजवर खेळाची भांडणं उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं लोंबकळायची, आता त्यांना स्वतःचं दार मिळालं आहे.

यात मला जे शहाणपण दिसतं ते असं. गोल कुणाचा, संघ कुणाचा, अध्यक्ष कोण, हे सरकार सांगत नाही. खोलीत कोण बसलंच पाहिजे एवढं मात्र सांगतं. पोरांच्या भाषेत सांगायचं तर बॉल कुणाचाही असो, भिडू निवडताना सगळ्यांना विचारायचं.

समावेश म्हणजे काय याचा धडा तर आपल्या विदर्भानं जगाला दिला आहे. २००१ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांना पावसात वस्तीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यांनी पोरांच्या पायात बॉल दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. 'स्लम सॉकर' नावानं तो जगभर गेला आणि २०१६ मध्ये त्याला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा 'झुंड' हा चित्रपट याच कामावरून सुचलेला. ज्या झुरिकनं त्याच साली भारताला बाहेर काढलं, त्याच झुरिकनं आधी नागपूरच्या वस्तीतल्या पोरांना मान दिला होता. संस्था मोठ्या असतात, पण त्यांच्यातला न्याय आणि अन्याय एकाच छताखाली राहतो. बाहेरून जागं राहणारं कुणीतरी लागतं.

आणखी एक छोटी गोष्ट. २००७ नंतर काही वर्षं फिफाच्या सामन्यांत डोक्याला हिजाब किंवा पगडी बांधून खेळता येत नव्हतं. १ मार्च २०१४ रोजी त्याच आठ मतांच्या मंडळानं ती बंदी कायमची उठवली. अंजनगावसारख्या मिश्र वस्तीच्या गावात याचा अर्थ सरळ आहे. ओढणी बांधलेल्या मुलीला आता 'नियमात बसत नाही' म्हणून कुणी रेषेबाहेर उभं करू शकत नाही. ती नियमातच आहे.

सिग्नलवरून आलेली कार्डं

राहता राहिलं वागणं. मैदानातलं आणि मैदानाबाहेरचं.

१९६६ च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन पंचानं अर्जेंटिनाच्या कर्णधाराला बाहेर काढलं. पंचाला स्पॅनिश येत नव्हतं, कर्णधाराला जर्मन. नेमकं काय झालं ते निम्म्या मैदानाला कळेना. पंचांची जबाबदारी सांभाळणारे केन ॲस्टन त्यानंतर लंडनमध्ये गाडी चालवत चालले होते. समोर सिग्नल लागला. पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांबा. त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात पिवळी-लाल कार्डं पहिल्यांदा आली. भाषा नको, भाषांतर नको. आज अंजनगावच्या पोराला पुठ्ठ्याचा लाल तुकडा दाखवला तरी तो मान खाली घालून बाहेर जातो. चौकातल्या शिस्तीसाठी सरकारनं लावलेला दिवा खेळाची सर्वांत सोपी भाषा होऊन बसला.

पण काही गोष्टी कार्डानं थांबत नाहीत. प्रेक्षक जात-वर्ण काढून ओरडू लागले, तर पंच करणार काय? म्हणून ब्रिटनला १९९१ मध्ये कायदा करावा लागला. सामन्यात वस्तू फेकणं, वंशद्वेषी घोषणा देणं, मैदानात घुसणं हे गुन्हे ठरले. आणि २०२२ मध्ये भारताच्या १७ वर्षांखालील मुलींच्या संघाच्या युरोप दौऱ्यात एका सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनावरून बडतर्फ करावं लागलं. असल्या प्रसंगी 'हा आमचा अंतर्गत मामला आहे' असं कोणत्याही संघटनेला म्हणता येऊ नये. लेकरांच्या सुरक्षिततेत कायद्यानं हात घालणं ही ढवळाढवळ नव्हे, ते कर्तव्य आहे. मुलींच्या संघासोबत महिला प्रशिक्षक असावी, तक्रार कुणाकडे करायची ते प्रत्येक मुलीला माहीत असावं, हे दिल्लीत जितकं लागू तितकंच तालुक्याच्या स्पर्धेतही.

बॉल परत मैदानात

१५ सप्टेंबर २०१७ चा दिवस पुष्कळांना आठवत असेल. मुलांचा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात व्हायचा होता आणि महाराष्ट्र सरकारनं ठरवलं, एकाच दिवशी राज्यात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा. शाळाशाळांत बॉल आले. ज्या गावांत क्रिकेटशिवाय दुसरा चेंडू कुणी पाहिला नव्हता तिथंही त्या दिवशी मुलंमुली फुटबॉलमागे धावली. त्या वर्षीच्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. सरकारच्या हाताचं हे उजळ रूप. बॉल द्यायचा, मैदान द्यायचं आणि रेषेबाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

पण एक दिवसाचा बॉल आणि वर्षभराचा बॉल यात फरक असतो. हवा भरायला पंपाची सुई लागते, शिवण उसवली तर शिवावी लागते, मैदानावरचे खडे वेचावे लागतात, पंचाला मानधन लागतं, बसभाडं लागतं. या गोष्टींना फिफाच्या कलमाची आडकाठी नाही. इथं सरकारनं मनमोकळा हात घालावा, तो कमीच पडतो.

त्या संध्याकाळी अंजनगावात पुढे काय झालं ते सांगतो. खेळ दहा मिनिटं अडून राहिला. मग एक लहानसर मुलगी पुढे आली. ती कडेला उभी राहून बघत होती, कुणी तिला घेतलं नव्हतं. ती म्हणाली, "मी मंधात उभी रायते. मी सांगन तो गोल. मले दोघायचंही काई नाई." पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. बॉलवाल्यानं बॉल खाली टाकला. अर्ध्या तासात तिनं तीन गोल दिले, एक नाकारला आणि कुणी चकार शब्द काढला नाही. अंधार पडता पडता शेवटच्या पाच मिनिटांत तिलाही खेळायला घेतलं.

चांगला कारभार याहून वेगळा काय असतो? बॉल ज्याचा त्याचाच राहिला. निकाल मात्र त्याच्याकडून सुटला आणि ज्याला कुणाचंच देणं-घेणं नाही त्याच्याकडे गेला. आणि जिला कुणी घेतलं नव्हतं ती आत आली.

वाचकहो, एक विनंती आहे. सुब्रतो मुखर्जी चषक ही १९६० पासून चालणारी शालेय फुटबॉल स्पर्धा. आपल्याकडे ती जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाते. तिच्यात १७ वर्षांखालील मुलींचा गट आहे. त्याच्या प्रवेशअर्जावर सुरुवातीची सही झुरिकची लागत नाही, दिल्लीची लागत नाही, तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांची लागते. येत्या हंगामात शाळेत जा आणि एवढंच विचारा, "आपल्या मुलींचा अर्ज गेला का?"